आरोपी नसलेले नाटक

मराठी रंगभूमीला म्हातारपण नवे नाही. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले आणि डॉ. श्रीराम लागूंनी उभ्या केलेल्या गणपतराव बेलवलकरांनी एका पिढीला रडवले. पाठोपाठ १९७३ मध्ये जयवंत दळवींचे 'संध्याछाया' विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली आले. सीमाभागातल्या हौशी संस्थांनी ही दोन्ही नाटके पुन:पुन्हा बसवली आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात कापसाची दाढी चिकटवून बेलवलकरांचे स्वगत म्हणणारा एखादा दहावीचा विद्यार्थी दरवर्षी निघतोच, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे.

या नाटकांचे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्यांनी आपल्या प्रेक्षकाला एक सवय लावली. रंगमंचावर म्हातारा माणूस दिसला की आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि आरोपी शोधू लागतो. 'नटसम्राट'मध्ये तो सापडायला वेळ लागत नाही. बापाने सर्वस्व वाटून टाकले आणि मुलांच्या घरी त्याला जागा उरली नाही, ही 'किंग लिअर'पासून चालत आलेली फिर्याद आहे. 'संध्याछाया'त आरोपी मुले आहेत की बदललेला काळ आहे, हे दळवींनी मोकळे ठेवले. तरी प्रेक्षक मात्र परदेशातल्या मुलावर आरोपपत्र ठेवूनच बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर नाटकापेक्षा कोणाचा मुलगा आईवडिलांना विचारतो आणि कोणाचा विचारत नाही याचीच चर्चा अधिक होते.

आता ज्या म्हातारपणाला डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात, ते या चौकटीत बसते का? माझ्या मते बसत नाही. शिरवाडकरांच्या नायकाला सगळे लख्ख आठवते. त्याचे दु:ख हे की जग त्याला विसरले. स्मृतिभ्रंशात हे उलटे होते. जग जागेवर असते, मुले जवळ असतात, सून वेळच्या वेळी गोळ्या देत असते, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो माणूसच थोडाथोडा निघून जात असतो. फिर्याद कोणावर करायची? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात भारतातल्या साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक या विकाराने ग्रस्त असल्याचे अनुमान निघाले. हा आकडा वाचल्यावर आपल्या गल्लीतली दोन-तीन घरे डोळ्यांसमोर येणार नाहीत असा वाचक विरळा. या घरांसाठी ज्या नाटकात आरोपी नाही असे नाटक हवे. ते लिहिणे आणि बसवणे अवघड आहे, कारण आरोपी काढून घेतला की आपल्या नाटककारांच्या हातातले सर्वांत खात्रीचे हत्यार जाते.

हे सारे लिहिण्याचे निमित्त म्हणजे आमच्या भागातील एका लहानशा हौशी संस्थेने बसवायला घेतलेले नवे नाटक. तालमी आमच्याच शाळेच्या सभागृहात संध्याकाळी चालतात, आणि रंगीत तालमीला शिक्षक व त्यांच्या घरची मंडळी अशा तीस-पस्तीस जणांना बोलावणे होते. पहिला प्रयोग व्हायचा आहे, संहितेवर अजून हात फिरतो आहे. म्हणून संस्थेचे, नाटकाचे व कलावंतांचे नाव येथे देत नाही. परंतु जे पाहिले ते चर्चेला घेण्याच्या योग्यतेचे आहे. तालमीच्या पायरीवरच बोलले तर त्याचा उपयोगही होईल.

संस्थेत एकंदर अकरा माणसे. त्यांतली पाच रंगमंचावर येतात, उरलेली पडदा, दिवे, ध्वनी आणि चहा सांभाळतात. नाटक दोन अंकी, जेमतेम पावणेदोन तासांचे. एक कॉट, एक टेबल, दोन खुर्च्या, एक लाकडी कपाट आणि भिंतीवर हार घातलेला एक फोटो, एवढेच नेपथ्य. लेखक एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करतात आणि हे त्यांचे दुसरे नाटक.

कथानक असे. बेळगावातले एक मराठी घर. फोटोतले वडील सीमालढ्यात तुरुंगवास भोगलेले. घरात मराठीशिवाय शब्द निघता कामा नये हा त्यांचा दंडक, आणि तो त्यांच्यामागे मुलाने चालवलेला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती मूळची गोकाककडच्या एका खेड्यातली, कानडी घरातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली, सासूच्या हाताखाली मराठी शिकली, इतकी की शेजारपाजाऱ्यांनाही तिचे माहेर कानडी आहे याचा विसर पडला. आता तिचे विसरणे सुरू होते. आधी किल्ल्या, मग वार, मग नवरा वारल्याचे. आणि त्यानंतर हळूहळू मराठी. पाणी मागताना ती 'नीरु' म्हणते. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि 'मनीग होगूण' म्हणते, घरी जाऊया म्हणते. मुलगा सांगतो, आई, हेच आपले घर. ती त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तशी, पण आदबीने पाहते.

मुलाला कानडी येत नाही असे नाही. सीमाभागात असा माणूस सापडणे कठीणच. पण त्याचे कानडी कचेरीचे आणि बाजाराचे, अर्जाचे आणि भावतावाचे. आईच्या तोंडी येऊ लागते ते चुलीपाशीचे, विहिरीवरचे, तिच्या अव्वाने तिला शिकवलेले कानडी त्याने कधी ऐकलेलेच नाही. सून साताऱ्याची, तिला तेवढेही येत नाही. ते येते फक्त धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला. ती भांडी घासता घासता सहज उत्तर देते आणि दोघींचे बोलणे सुरू होते. पहिल्या अंकाच्या शेवटी आई स्वयंपाकघरात त्या बाईशी खळखळून हसते आहे आणि मुलगा बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसून ते हसणे ऐकतो आहे. त्याला एक अक्षरही बोलायला दिलेले नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडच्या हौशी रंगमंचावर मी पाहिलेल्या प्रवेशांत याची बरोबरी करणारे फार थोडे असतील. येथे कोणी कोणाचा अपराध केलेला नाही. तरीही मुलाकडून काहीतरी काढून घेतले गेले आहे, आणि कोणी घेतले असे विचारले तर बोट दाखवायला जागा नाही.

नव्याने शिकलेली भाषा आधी सैल होणे आणि बालपणीची मागे उरणे हे लेखकाच्या कल्पनेतून आलेले नाही. अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात, जुन्या अधिक काळ टिकतात, आणि अनेक दुभाषिक रुग्ण या विकारात पहिल्या भाषेकडे वळताना दिसतात. दुभाषिक माणसांविषयी आपल्याच देशात झालेला एक अभ्यासही येथे आठवतो. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात विकाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन भाषांमुळे रोग टळतो असे यातून कोणी समजू नये. पण ज्या दुसऱ्या भाषेकडे आपण सीमाभागात बहुधा संशयानेच पाहतो, तिचा मनाच्या घडणीशी काही वेगळाही संबंध असू शकतो, एवढे तरी त्यातून ध्यानात यावे.

नाटकाचा खरा प्रश्न या भाषेतच आहे, आणि त्यावरच संस्थेत वाद चालू आहे. कानडी संवाद कमी करावेत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आपल्या लोकांना काय वाटेल, सीमालढ्यात तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरात त्याची बायको शेवटी कानडी बोलते हे दाखवून आपण कोणाच्या हाती कोलीत देतो आहोत, असा त्यांचा सवाल आहे. तो मी हसण्यावारी नेत नाही. १९५६ पासून या भागाने जे सोसले ते सोसलेल्यांच्या घरात मी वाढलो आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे. कानडी काढले तर या नाटकात काही उरणार नाही.

शाळेच्या प्रवेश अर्जात मातृभाषेचा एक रकाना असतो. तो भरताना मी हजारो पालकांना पाहिले आहे. आई कानडी घरातली आणि वडील मराठी असले की रकान्यात बहुधा मराठी लिहिले जाते, वडील कानडी आणि आई मराठी असली की बहुधा कानडी. शब्द मातृभाषा असा असला तरी रकान्यात उतरते ती बापाची भाषा. यात कोणाचा कपटभाव नसतो, रीतच तशी आहे. या नाटकाने त्या रकान्यावर बोट ठेवले आहे, आणि तेही कोणाला न दुखावता. मुलाची मातृभाषा मराठी, यात शंका नाही. पण त्याच्या आईची मातृभाषा वेगळी होती, आणि सत्तावन्न वर्षे त्या घरात तिला ती कोणी विचारली नाही. विचारले नाही हा गुन्हा नव्हे, पण म्हातारपणी त्याची आठवण करून द्यायला ती आई स्वत: आठवण गमावून बसते. मराठीवरचा आपला हक्क अशा नाटकाने कमी होतो असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, आणि संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी नाटकाने जन्मत:च ज्या भाषेचे शब्द कानावर घेतले, ते आज त्याच्या रंगमंचावर आले तर विटाळ होण्याचे कारण नाही.

याच वाटेने आधी गेलेली एक कलाकृतीही आपल्याकडे आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. रस्त्यावर दिसलेल्या हत्तीच्या मागे हे शास्त्रीबुवा निघून जातात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिथे विद्वान मराठी माणसाला कानडी बाईची माया मिळते आणि भाषेचे अंतर त्या मायेच्या आड येत नाही. आमच्या संस्थेच्या नाटकात प्रसंग अधिक बिकट आहे, कारण इथे भाषेचे अंतर आई आणि मुलाच्याच मध्ये पडले आहे.

मांडणीच्या दृष्टीने मात्र या नाटकाचे नाते एका परदेशी नाटकाशी जुळते. फ्रेंच नाटककार फ्लोरियान झेलेर यांचे 'ल पेर', म्हणजे 'बाप', २०१२ साली पॅरिसमध्ये आले. इंग्रजीत ते ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांनी आणले आणि २०१४ मध्ये त्याचा प्रयोग इंग्लंडमधल्या बाथ गावातील उस्तिनोव्ह स्टुडिओ या अगदी लहान नाट्यगृहात झाला. तिथून ते लंडनला आणि पुढे जगभर गेले. आपल्याकडे नसिरुद्दीन शाह यांनी 'मोटली'तर्फे ते इंग्रजीत केले. २०२० सालच्या चित्रपटामुळे आणि त्यातील अँथनी हॉपकिन्स यांना मिळालेल्या ऑस्करमुळे ते घरोघर पोचले. झेलेर यांची युक्ती अशी, की त्यांनी प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठवून रुग्णाच्या डोक्यात नेऊन बसवले. मुलगी म्हणून एका प्रवेशात जी नटी येते, तिच्या जागी दुसऱ्या प्रवेशात वेगळीच बाई येते आणि तीही मुलगीच असल्याचे सांगते. खोलीतले सामान प्रवेशागणिक कमी होत जाते. बापाला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही. नाटककाराने त्याला 'शोकात्म फार्स' म्हटले आहे, आणि सुरुवातीला प्रेक्षक हसतोही. मग कोणत्या क्षणी हसणे थांबले ते त्याचे त्यालाच आठवत नाही.

आमच्या मंडळींनी असेच काहीसे अत्यंत स्वस्तात साधले आहे. दोन प्रवेशांमधल्या अंधारात विंगेतली दोन मुले कपाट डावीकडून उजवीकडे नेऊन ठेवतात. संवादात त्याचा उल्लेख नाही. आई सवयीने डावीकडे हात घालते आणि तिथे मोकळी भिंत असते. पहिल्या खेपेला तालमीतले लोक हसले. तिसऱ्या खेपेला कपाट कुठे होते हे आम्हांलाही सांगता येईना, आणि सभागृह गप्प झाले. मोठ्या नेपथ्याच्या नाटकाला हे जमले नसते. फिरत्या रंगमंचावर कपाट फिरले तर ते तंत्र वाटते. चार फुटांवरून, पोरांच्या पायांचा आवाज ऐकू येत असताना ते फिरले म्हणजे आपल्याच घरातले कोणीतरी हलवले असे वाटते. लहान संस्थेने, लहान जागेत, थोड्या माणसांपुढेच हा विषय घ्यावा, या माझ्या मताला या प्रवेशाने बळकटी दिली.

आईचे काम करणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत. त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात पाठीला बाक, हाताला कंप आणि आवाजाला घोगरेपणा असा वार्धक्याचा सगळा जुना ऐवज वापरला. तो त्यांनी टाकून द्यावा. स्मृतिभ्रंश म्हणजे पक्षाघात नव्हे. त्याच्या सुरुवातीच्या काळात माणूस ताठ चालतो, नीटनेटका दिसतो, बोलण्याची रीतभातही सांभाळतो. किंबहुना रीतभातीच्या आडच तो आपले विसरणे झाकतो. हे त्या बाईंना ठाऊक आहे, हे दुसऱ्या अंकातील एका जागेवरून दिसते. मुलगा कामावरून येतो, आई त्याला ओळखत नाही, आणि ते लपवण्यासाठी घरी पाहुणा आल्यावर करावे तसे खुर्ची पुसून देते, चहा विचारते, घरची मंडळी कशी आहेत असे पुसते. कंप नाही, बाक नाही. मुलगा पाहुण्यासारखा बसतो आणि घरची मंडळी बरी आहेत असे सांगतो. भूमिका सापडली ती इथे. तोच सूर पहिल्यापासून लागला तर हे काम लक्षात राहील. मुलाचे काम करणाऱ्या तरुणाची मुख्य देणगी म्हणजे त्याला ऐकता येते. हौशी नटांत ही गोष्ट दुर्मिळ असते. सुनेची भूमिका मात्र लेखकानेच अर्धवट सोडली आहे.

आणि येथेच मुख्य आक्षेपाकडे यावे लागते. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर पुण्याहून धाकटा भाऊ येतो आणि नाटक एकाएकी जुन्या रुळावर जाते. घराच्या वाटणीचा विषय निघतो. आईला वृद्धाश्रमात ठेवण्याचा प्रस्ताव सुनेच्या तोंडी घातला जातो. भाऊ तिला चार शब्द सुनावतो, टाळ्या येतात. तालमीतही आल्या. न्यायाधीशाची खुर्ची पुन्हा मांडली गेली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात, आपल्या रंगभूमीच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे, सून उभी राहिली. पहिल्या अंकात जिने रात्री तीनदा उठून सासूचे अंथरूण बदलले, तिला हा न्याय? ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना विचारा. बिछाना कोणी बदलला, आंघोळ कोणी घातली, रात्र कोणी जागवली, याचा हिशोब मांडला तर तो बहुतेक घरांत एका बाईच्या नावावर निघतो, आणि तिचे थकणे हा गुन्हा ठरवणारे नाटक त्या घराला शिक्षा सुनावून परत पाठवते. वृद्धाश्रमाचा विचार मनात येणे आणि सासूवर माया असणे ही दोन्ही एकाच बाईच्या ठिकाणी, एकाच रात्री संभवतात. लेखकाने तो संवाद सुनेकडेच ठेवावा, पण त्यावर टाळी घेणारा भाऊ काढून टाकावा. तिचे बोलणे कोणी खोडू नये. नवऱ्याने नुसते ऐकावे. त्याला ते येते, हे पहिल्या अंकात दिसलेच आहे.

दुसरा आक्षेप शेवटाविषयी आहे. अखेरच्या प्रवेशात आई अचानक शुद्ध मराठीत सलग तीन-चार मिनिटे बोलते. नवऱ्याच्या फोटोला नमस्कार करते, मुलाला नावाने हाक मारते, सुनेला आशीर्वाद देते. मागे बासरी वाजते आणि निळा प्रकाश पसरतो. या विकारात अधूनमधून लख्ख क्षण येतात हे खरे. पण तो क्षण एखाद्या वाक्याचा, एखाद्या नजरेचा असतो. व्याकरणशुद्ध निरोपाचे भाषण देऊन तो जात नाही. माझी हरकत केवळ वैद्यकीय अचूकतेची नाही. प्रेक्षकांत जो मुलगा बसलेला असेल, ज्याची आई त्याला न ओळखताच गेली, त्याला हे नाटक काय सांगते? तुझ्या आईनेही शेवटी ओळखायला हवे होते, असे सांगते. म्हणजे जे दिलासा म्हणून लिहिले तेच त्या माणसाला बोचणार. शिवाय, आई शेवटी मराठीत परत आली म्हणजेच घर सावरले, असा अर्थ त्यातून निघतो, आणि पहिल्या अंकाने मोठ्या धैर्याने जे मांडले ते लेखक घाबरून मागे घेतो. दिग्दर्शकांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, सर, मग टाळ्या कुठे येणार? प्रश्न प्रामाणिक आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेला तो पडणारच.

यावरचा उपाय याच संहितेत आहे. भाऊ यायच्या आधी एक लहानसा प्रवेश आहे. संध्याकाळ. आई पिशवी घेऊन दाराशी. 'मनीग होगूण.' रोज मुलगा सांगतो की हेच घर. त्या दिवशी तो सांगत नाही. तो कामवाल्या बाईकडून आदल्या दिवशी विचारून घेतलेले एक कानडी वाक्य अडखळत म्हणतो, आईच्या हातातली पिशवी घेतो, आणि दोघे कॉटभोवती, टेबलाभोवती, कपाटाच्या बदललेल्या जागेवरून खोलीतल्या खोलीत चालत राहतात. ती त्याला वाटेतली झाडे दाखवते. तो हो म्हणतो. तिने त्याला मुलगा म्हणून ओळखले की बसस्टँडवर भेटलेला भला माणूस म्हणून, हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही उरत नाही. भिंतीवरच्या फोटोखालून दोघे जातात तेव्हा मुलगा क्षणभर वर पाहतो. बस्स. त्या ठिकाणी सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही; पण माझ्या शेजारी बसलेल्या एका सहकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत लावला नाही. नाटक इथे संपावे. बासरी नको, निळा दिवा नको. फार तर खोलीतला साधा दिवा चालू ठेवून पडदा सोडावा.

आणखी दोन किरकोळ सूचना. भिंतीवर काटे नसलेले घड्याळ लावण्याचा विचार चालू आहे असे कळले. लावू नये. कपाटाने जे साधले आहे त्यावर घड्याळाने भाष्य करण्याची गरज नाही. कानडी संवादांचा लगेच मराठीत अर्थ सांगण्यासाठी शेजारीणबाईंचे एक पात्र वाढवायचेही घाटत आहे. तेही टाळावे. आमच्या भागातल्या प्रेक्षकाला ते संवाद कळतात. साताऱ्याच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाहीत. तर न कळोत. न कळण्याने तो सुनेच्या जागी जाऊन बसेल, आणि ती जागा नाटकात अगदी मोक्याची आहे.

दिवाळीनंतर प्रयोग सुरू व्हायचे आहेत. ग्रामपंचायतींची सभागृहे, वाचनालयांचे दिवाणखाने, शाळांचे वर्ग अशा शंभर-सव्वाशे माणसांच्या जागा निवडण्याचा संस्थेचा मनोदय आहे आणि तो योग्य आहे. आपल्या गावी हे नाटक आले तर वाचकांनी अवश्य जावे. घरात कानडी माहेरची आजी असेल तर तिला पुढच्या रांगेत बसवावे, आणि घरी परतल्यावर तिच्या माहेरी पाण्याच्या घागरीला, पहिल्या पावसाला, झोपताना सांगायच्या गोष्टीला काय म्हणत असत ते विचारून ठेवावे. ती सांगू शकते आहे तोवरच.